जोडीने ब्रुअरी पाहायला जाताना : वाचकांचे प्रश्न

सुटीच्या दिवशी पती-पत्नीने मिळून एखाद्या स्थानिक ब्रुअरीत जाणे, तिथे बिअर कशी तयार होते ते पाहणे आणि थोडी चाखणे, या विषयावरची पत्रे या सदराकडे अलीकडे वारंवार येऊ लागली आहेत. त्यांतील सहा पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. मद्य घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न कोणीही विचारलेला नसल्यामुळे त्यावर येथे उपदेश केलेला नाही. मात्र जिथे कायद्याचा किंवा शरीराचा संबंध येतो तिथे हातचे काही राखलेले नाही.

प्रश्न : आम्ही दोघे कोथरूडला राहतो. येत्या एका शनिवारी मुलीला आजी-आजोबांकडे सोडून कल्याणीनगर, कोरेगाव पार्क आणि मुंढवा या भागांतील चार ब्रुअऱ्या एका दिवसात पाहण्याचा आमचा बेत आहे. गाडी आमचीच असेल. शेवटच्या ठिकाणी मी काही घेणार नाही, म्हणजे परत येताना गाडी चालवता येईल, असा माझा हिशेब आहे. हा बेत कसा वाटतो?

उत्तर : बेत आवडला, पण त्यात दोन बदल सुचवतो. चारऐवजी दोनच ठिकाणे ठेवा आणि गाडी घरीच राहू द्या.

बहुतेक ठिकाणी साधारण 100 मिलिलिटरच्या पाच-सहा लहान ग्लासांचा संच मिळतो. त्याला तिथे 'टेस्टर' किंवा 'फ्लाइट' म्हणतात. सहा ग्लास धरले तर 600 मिलिलिटर बिअर होते आणि सरासरी साडेपाच टक्के तीव्रतेच्या हिशेबाने तिच्यात सुमारे 26 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या किंवा रमच्या 30 मिलिलिटरच्या पेगमध्ये ते सुमारे 10 ग्रॅम असते. तुम्ही दोघांनी चारही ठिकाणी आपापला स्वतंत्र संच मागवला, तर प्रत्येकाच्या पोटात दिवसभरात दहा पेगांइतके मद्य जाईल. 'आम्ही तर फक्त चव घेत होतो' असे सांगणाऱ्या माणसाला संध्याकाळी जिना चढता येत नाही, त्याचे कारण हे साधे गणित आहे. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच अल्कोहोल निकालात काढते आणि कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही त्याचा वेग वाढत नाही.

गाडीचे गणित याहून कडक आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 प्रमाणे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळल्यास पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दोघांत मिळून एकच संच घेतला तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे 13 ग्रॅम येतात. रिकाम्या पोटी तेवढ्याने 70 किलो वजनाच्या पुरुषाच्या रक्तातले प्रमाण अंदाजे 28 मिलिग्रॅमपर्यंत जाते, तर 55 किलो वजनाच्या स्त्रीच्या रक्तातले 43 ते 45 पर्यंत; स्त्रीच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असल्याने हा फरक पडतो. म्हणजे अर्ध्या-अर्ध्या वाटून घेतलेल्या एकाच संचानंतर तुमची पत्नी मर्यादा ओलांडून गेलेली असेल आणि तुम्ही काठावर असाल. शेवटच्या ठिकाणी न पिण्याने आधीच्या तीन ठिकाणांचा हिशेब पुसला जात नाही.

कोथरूडकरांना आता गाडीची गरजही राहिलेली नाही. वनाझहून रामवाडीला जाणारी मेट्रो तुम्हाला थेट कल्याणीनगर स्थानकावर उतरवते आणि तिथून कोरेगाव पार्क किंवा मुंढव्याला रिक्षा मिळते. परतीच्या प्रवासात मात्र दोघेही नीट चालण्या-बोलण्याच्या स्थितीत असावेत, कारण मद्यधुंद अवस्थेत मेट्रोतून प्रवास करणे हाही दंडनीय गुन्हा आहे.

आता खऱ्या विषयाकडे येऊ. पुण्यात ताज्या बिअरची वाट 2009 साली 'डूलाली'ने पाडली. त्यानंतर मुंढव्याची 'इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी', कोरेगाव पार्कमधले 'एफिनगट', बेंगळुरूहून कल्याणीनगरला आलेले 'टॉइट' अशी नावे शहराच्या पूर्व भागात एकापाठोपाठ उभी राहिली. यांतली कोणती दोन निवडावीत, याला फारसे महत्त्व नाही. कोणत्या वेळी जावे, याला आहे. शनिवारी रात्री आठ वाजता ही सगळी ठिकाणे सारखीच वाटतात : मोठ्या आवाजातले संगीत, टेबलासाठी ताटकळणारी गर्दी आणि घाईत असलेले वाढपी. काचेपलीकडच्या तांब्याच्या किंवा स्टीलच्या भांड्यांकडे त्या वेळी कोणाचेही लक्ष नसते. शक्य असल्यास शनिवारऐवजी दोघांनी मधल्या वारी रजा काढावी आणि आज बिअर शिजवणार आहेत का, असा फोन आधी करून सकाळी अकरा-बाराच्या सुमारास पोहोचावे. शनिवारीच जायचे असेल तर दार उघडताच आत जावे.

शिजवण्याच्या दिवशी पाहण्यासारखे पुष्कळ असते. भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, 65 ते 68 अंश सेल्सिअसच्या पाण्यात साधारण तासभर ठेवतात. तेवढ्या अवधीत धान्यातल्या विकरांमुळे पिठूळ भागाची साखर होते आणि साऱ्या खोलीत, सातूचे पीठ कोमट दुधात कालवल्यावर यावा तसा, गोडसर वास दरवळतो. मग तो गोड रस गाळून, कडवटपणा देणारी हॉप्सची फुले घालून उकळतात, थंड करतात आणि त्यात आंबवण्यासाठी यीस्ट सोडतात. येथून पुढचे काम यीस्टचे असते. 'एल' या प्रकारच्या बिअरचे यीस्ट 18 ते 22 अंशांत काम उरकते आणि दोन-तीन आठवड्यांत बिअर ग्लासात येते. 'लागर'चे यीस्ट साधारण 7 ते 13 अंशांच्या थंडीत सावकाश काम करते आणि पुढेही तिला आणखी काही आठवडे थंडीत मुरवावे लागते. आपल्याकडच्या लहान ब्रुअऱ्यांत गव्हाची बिअर आणि एलचे प्रकार इतके का दिसतात, याचे एक मोठे कारण यात आहे : टाक्या मोजक्या असतात आणि लागर त्यांतली एक टाकी दीड-दोन महिने अडवून ठेवते. एखाद्या ब्रुअरीत चांगली लागर मिळाली, तर तिथल्या मालकाने नफ्याआधी चवीचा विचार केला आहे असे खुशाल समजावे.

बिअर बनवणारा माणूस, म्हणजे 'ब्रुअर', मोकळा असेल तर त्याला माल्टचे दोन-चार प्रकार चावून पाहायला मागावेत. फिकट माल्ट गोडसर लागते, मध्यम भाजलेले बिस्किटासारखे आणि काळे भाजलेले थेट कॉफीकडे झुकते. हे चाखून झाले की पुढे ग्लासातली चव कुठून आली ते आपले आपल्याला ओळखता येऊ लागते. चाखण्याचा क्रम फिकट आणि सौम्य बिअरपासून सुरू करावा, कडवट 'आयपीए' आणि काळी 'स्टाउट' शेवटी ठेवावी. आधी कडू घेतले की नंतरच्या नाजूक चवी जिभेला कळत नाहीत. पहिले ठिकाण झाल्यावर नीट जेवावे, मग नदीकाठच्या बाजूने किंवा कोरेगाव पार्कच्या झाडीतल्या गल्ल्यांतून तासभर पायी फिरावे आणि मगच दुसरीकडे जावे. कल्याणीनगरजवळच आगाखान पॅलेस आहे, पण ती भेट मी याच दिवसात बसवणार नाही. गांधीजी आयुष्यभर दारूबंदीसाठी आग्रही राहिले आणि कस्तुरबांनी त्या वास्तूत 1944 साली अखेरचा श्वास घेतला. तिथून निघून थेट ब्रुअरीत जाणे मला तरी जमत नाही. तुमचे मत वेगळे असू शकते.

प्रश्न : माझ्या पतींना बिअरची आवड आहे, मला तिचा कडवटपणा सहन होत नाही. लग्नानंतर दोन-तीनदा प्रयत्न करून सोडून दिले. तरी त्यांची इच्छा आहे की मी बरोबर यावे. तिथे जाऊन नुसते बसून राहण्यात मला अर्थ वाटत नाही. मी काय करावे?

उत्तर : तुम्ही ज्या बिअरची चव घेऊन पाहिली, ती बहुधा बाटलीतली, बर्फासारखी थंड केलेली आणि 'स्ट्राँग' असा शिक्का असलेली असावी, कारण आपल्या देशात सर्वाधिक खप तिचाच आहे. तिच्यात सात-आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असते आणि तिची जहाल चव झाकण्यासाठीच ती इतकी गार करून पितात. तेवढ्यावरून सगळ्या बिअरना नापास करणे थोडे घाईचे होईल.

कडवटपणा मुख्यतः हॉप्समधून येतो. हॉप्स ही वेलीवरची हिरवी, शंकूच्या आकाराची फुले असतात. ती रसात जितका जास्त वेळ उकळतात तितका कडूपणा उतरतो. उशिरा किंवा उकळी संपल्यावर घातली तर कडूपणा कमी आणि सुगंध जास्त मिळतो. हा कडूपणा 'आयबीयू' या एककात मोजतात आणि बऱ्याच ब्रुअऱ्या हा आकडा आपल्या फलकावर किंवा मेन्यूत छापतात. 'आयपीए' या प्रकाराचा आकडा साधारण 40 ते 70 च्या घरात असतो, तर जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरचा, म्हणजे 'हेफेवाइझेन'चा, 8 ते 15. तुम्ही सुरुवात तिथूनच करावी. या बिअरमध्ये निम्मे किंवा त्याहून जास्त गव्हाचे माल्ट असते आणि तिचे खास यीस्ट आंबवताना जी द्रव्ये तयार करते, त्यांमुळे तिला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात केळे नसते आणि लवंगही नसते. हे ठाऊक नसलेली माणसे ब्रुअरशी वाद घालताना मी पाहिली आहेत.

बेल्जियन पद्धतीच्या 'विटबिअर'मध्ये मात्र संत्र्याची साल आणि धने खरोखरच घालतात. तीही कमी कडवट असते आणि धन्यांचा वास आपल्या नाकाच्या ओळखीचा असल्यामुळे मराठी माणसांना ती लवकर आवडते, असा माझा अनुभव आहे. आंबट चव आवडत असेल तर 'गोझ' विचारा. हा मूळचा जर्मनीतल्या गोस्लार आणि लाइपझिग या भागांतला, मीठ आणि धने घातलेला आंबट प्रकार आहे आणि आपल्याकडचे ब्रुअर त्यात कोकम घालण्याचा मोह सहसा आवरत नाहीत. सोलकढीवर वाढलेल्या कोकणी माणसाला त्याचे नवल वाटणार नाही. स्टाउट काळी दिसते म्हणून जड किंवा तीव्र असते, हाही गैरसमज आहे. रंग भाजलेल्या धान्याचा असतो आणि चार-साडेचार टक्क्यांच्या स्टाउटही असतात. बिअरच नको असेल तर अनेक ठिकाणी सफरचंदाची सायडर मिळते. पुण्याच्या 'मूनशाइन मीडरी'ने 2018 पासून मधाची आंबवलेली 'मीड'ही बाजारात आणली आहे. तिच्यात हॉप्सचा कडूपणा मुख्य नसतो.

एक सूचना पतींसाठी. संच मागवताना आपल्याला आवडतात ते सहा प्रकार सांगून मोकळे होऊ नये. तीन पत्नीने निवडावेत आणि प्रत्येक ग्लास आधी तिच्याकडे जावा. ग्लास आल्याबरोबर प्यायची घाई करू नये, कारण फार थंड असताना वास दबलेला असतो. चार-पाच मिनिटांनी तीच बिअर वेगळी लागते. एवढे करूनही काहीच आवडले नाही, तर पुढच्या वेळी त्यांनी मित्रांबरोबर जावे आणि तुम्हाला आवडेल त्या ठिकाणी त्यांनी तुमच्याबरोबर यावे. आग्रह एका दिवसापुरताच बरा.

प्रश्न : मी माळकरी घरातला असून स्वतः माळ घातली आहे. पत्नी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि तिला क्राफ्ट बिअरमध्ये रस आहे; ती कमी घेते, पण जाणून घेते. तिच्याबरोबर जायला माझी हरकत नाही. अडचण अशी की वाढपी प्रत्येक वेळी बिअरचा ग्लास माझ्यासमोर आणि सरबत तिच्यासमोर ठेवतो. शिवाय तिथे मी नेमके काय खावे-प्यावे हेही कळत नाही.

उत्तर : वाढप्याची सवय एका दिवसात बदलणार नाही, पण ऑर्डर पत्नीने स्वतः द्यावी आणि चाखण्याविषयीचे प्रश्नही तिनेच विचारावेत; मग ग्लास बहुतेक वेळा योग्य जागी येतो. आला नाही, तर शांतपणे सरकवून द्यावा. त्यावर रागावण्यात दुपार घालवू नये.

खाण्यापिण्याबाबत मात्र तुम्ही काटेकोर राहायला हवे. 'अल्कोहोल-फ्री' असे लिहिलेल्या काही बिअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकते, '0.0' असे छापलेले असेल तेव्हाच ते नसल्यासारखे धरावे, आणि माळेचा नियम पाळणाऱ्याने तीही घ्यावी की नाही हे स्वतः ठरवावे. कोंबुचा हे पेय आरोग्यदायी म्हणून पुढे केले जाते, पण तेही आंबवलेलेच असते आणि त्यातही थोडे अल्कोहोल असते. 'जिंजर एल' या नावात एल असले तरी बाजारातल्या त्या बाटलीत बिअर नसते. तळणाच्या पदार्थांना बिअर घातलेल्या पिठाचे आवरण असते का, मांसाहारी पदार्थ त्याच तेलात तळतात का, हे आधी विचारून घ्यावे. या दोन्ही गोष्टी ब्रुअऱ्यांच्या स्वयंपाकघरांत सर्रास होतात. भांडी पाहणे, धान्य चावून पाहणे, आंबवणीच्या टाकीवरचे तापमान वाचणे यांत मात्र तुमचा कोणताही नियम आड येत नाही, आणि हा भाग पिणाऱ्यांपेक्षा न पिणाऱ्याला जास्त नीट दिसतो. एकच काळजी घ्यावी : आंबवणीच्या खोलीत कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, म्हणून कर्मचाऱ्याशिवाय आत जाऊ नये आणि टाकीत डोकावू नये.

गाडी तुम्ही चालवणार हे उघड आहे. पण दर वेळी तीच तुमची भूमिका ठरू नये, एवढे पत्नीनेही लक्षात ठेवावे. कधीतरी दोघांनी रिक्षाने जावे.

प्रश्न : माझे वय 26 आहे आणि पत्नीचे 23. आम्हा दोघांना ब्रुअरीत जाता येईल का? परवाना लागतो असे ऐकले आहे, ते खरे का?

उत्तर : महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी किमान वय 21, तर अन्य मद्यांसाठी 25 आहे. त्यामुळे ब्रुअरीतली सौम्य बिअर तुम्हा दोघांनाही घेता येईल, मात्र कॉकटेलच्या पानाकडे पत्नीने वळू नये. मद्यसेवनासाठी परवाना लागतो, हेही खरे आहे. राज्य उत्पादन शुल्क विभाग तो देतो. एका दिवसाचा, एका वर्षाचा आणि आजीवन असे त्याचे प्रकार आहेत. अनेक ठिकाणी बिलाबरोबर एका दिवसाचा परवाना फाडला जातो आणि ग्राहकाला त्याचा पत्ताही नसतो. दोघांनीही वयाचा पुरावा बरोबर ठेवावा. जाण्याचा दिवस ठरवताना 26 जानेवारी, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे दिवस टाळावेत, तसेच निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे 48 तास आणि मतमोजणीचा दिवसही. गोव्यात वयाची अट 18 आहे, पण तिथली अट इथे लागू होत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे नोकरीनिमित्त जर्मनीत न्यूरेंबर्गला असतो. दोघेही शाकाहारी आहोत. आसपास लहान ब्रुअऱ्या पुष्कळ आहेत असे सहकारी सांगतात. एका दिवसात जोडीने कुठे जावे, आणि खाण्याचे काय करावे?

उत्तर : तुम्ही फ्रँकोनियात, म्हणजे बवेरिया राज्याच्या उत्तर भागात राहता, म्हणून या विषयापुरते तरी भाग्यवान आहात. तिथल्या ब्रुअऱ्या पुण्याच्या ब्रुअऱ्यांसारख्या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या नाहीत. कित्येक गावांत शतकानुशतके एकाच घरात बिअर बनते आणि तिथेच खपते. दोन वेगवेगळे दिवस सुचवतो.

पहिला दिवस बांबर्गसाठी. न्यूरेंबर्गहून रेल्वेने सुमारे पाऊण तास लागतो. शहराचा जुना भाग 1993 पासून जागतिक वारसा यादीत आहे. इथली खासियत धुराच्या वासाची 'राउखबिअर' आहे. पूर्वी माल्ट लाकडाच्या जाळावरच वाळवत असल्यामुळे बहुतेक बिअरला धुराचा वास असे. पुढे धूर न लागू देणाऱ्या भट्ट्या आल्या आणि तो वास सगळीकडून नाहीसा झाला, पण बांबर्गच्या 'श्लेंकेर्ला' आणि 'श्पेत्सियाल' या दोन ब्रुअऱ्यांनी जुनी रीत सोडली नाही. बहुतेक पाहुणे घाईने श्लेंकेर्लात जातात, बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या धुराचा पहिला घोट घेतात आणि तोंड वाकडे करतात. तुम्ही आधी श्पेत्सियालला जा. 1536 सालापासून नोंद असलेली ही ब्रुअरी स्थानकाकडून जुन्या शहराकडे जाताना वाटेतच लागते आणि तिचा धूर सौम्य आहे. तिथे जिभेला सवय झाली की पूल ओलांडून श्लेंकेर्ला गाठावे. तिथली 'मेर्त्सन' ही लागर 5.1 टक्के तीव्रतेची असते आणि लाकडी पिंपातून वाढतात. हवा चांगली असेल तर दिवसाचा शेवट श्टेफान्सबर्ग टेकडीवरच्या एखाद्या 'केलर'मध्ये करावा. केलर म्हणजे पूर्वीच्या बिअर साठवण्याच्या तळघरांवर झाडांच्या सावलीत मांडलेली बाके. तिथून कॅथेड्रलचे मनोरे दिसतात.

दुसरा दिवस पायी फिरण्याचा. न्यूरेंबर्ग नोर्डओस्टहून ग्रेफेनबर्गला जाणाऱ्या लहान रेल्वेने वाइसनोहेला उतरावे. तिथून 'फ्युन्फ-झाइडला-श्टाइग' ही सुमारे दहा किलोमीटरची पायवाट सुरू होते. वाइसनोहे, ग्रेफेनबर्गमधल्या दोन, होहेनश्वेर्त्स आणि थुइसब्रुन अशा पाच ब्रुअऱ्या तिने जोडलेल्या आहेत. झाइडला म्हणजे अर्धा लिटर. पाचही ठिकाणी प्रत्येकी एक झाइडला घेतला तर अडीच लिटर होतात आणि पुन्हा तोच दहा पेगांचा हिशेब समोर येतो, तोही डोंगरवाटेवर. माझा सल्ला असा की दोघांनी मिळून प्रत्येक ठिकाणी एकच ग्लास घ्यावा किंवा पाचांतली तीनच ठिकाणे निवडावीत, आणि थुइसब्रुनहून परतीचे चालणे वेळेत धरावे. कोणती ब्रुअरी कोणत्या वारी बंद असते हे निघण्याआधी पाहून घ्यावे. लहान गावांत सोमवार-मंगळवारी दारे बंद असणे नित्याचे आहे. दोन्ही दिवसांसाठी गाडी नकोच. तिथली सर्वसाधारण मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅमची असली, तरी परवाना नवा असलेल्यांना आणि 21 वर्षांखालील चालकांना एक थेंबही चालत नाही. शनिवार-रविवारी 'बायर्न-तिकीट', म्हणजे बवेरियाचे एका दिवसाचे रेल्वे तिकीट, दिवसभर चालते आणि दोघांत ते परवडते.

खाण्याची अडचण वाटते तितकी मोठी नाही. ब्रेत्सेल, चीज घातलेले 'केझेश्पेत्सले' आणि पिकलेले चीज, लोणी, कांदा, पाप्रिका कालवून केलेला 'ओबात्स्दा' हे पदार्थ बहुतेक ठिकाणी मिळतात. रश्श्यात किंवा डंपलिंगमध्ये मांसाचा अंश आहे का, एवढे मात्र विचारत जावे. चीजमधले रेनेट, म्हणजे वासराच्या जठरातून काढलेले दूध गोठवणारे द्रव्य, चालत नसेल तर ओबात्स्दाही टाळावा लागेल. पेये तिथे घ्यायची आणि खाणे घरून न्यायचे, ही बवेरियाच्या बिअर-बागांची जुनी रीत अनेक केलरमध्ये अजून पाळली जाते. आधी विचारून घ्यावे आणि थालीपीठ, दशम्या, शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यावी. मी हे करून पाहिले आहे आणि शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी चटणी मागून घेतली होती. जर्मन बिअर सहसा शाकाहारी असते. ब्रिटिश पद्धतीच्या पिंपातल्या काही बिअर मात्र माशाच्या वाताशयापासून केलेल्या 'आयसिंग्लास'ने निवळतात, हे इंग्लंडला गेलात तर लक्षात असू द्या.

प्रश्न : ब्रुअरीतून घरी नेण्यासाठी बिअर घेतली तर ती किती दिवस टिकते? सासऱ्यांना चव द्यायची आहे.

उत्तर : जिथे ती बाटलीत भरून देण्याची सोय असेल, तिथे निघताना अगदी शेवटी भरून घ्यावी, तपकिरी काचेची किंवा स्टीलची बाटली मागावी आणि घरी पोहोचताच ती फ्रिजमध्ये उभी ठेवावी. उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ठेवलेल्या हॉप्सच्या बिअरला काही वेळातच कुबट वास येऊ लागतो. ही बिअर सहसा पाश्चराइझ केलेली नसते, त्यामुळे न उघडता दोन-चार दिवसांत संपवावी आणि झाकण उघडल्यावर त्याच दिवशी. सासऱ्यांसाठी गव्हाची बिअर न्यावी. आणि त्यांना मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर बाटली भरून घेण्याआधीच त्यांच्या डॉक्टरांना विचारावे.